अक्काचा पितळी क्लच

माझ्या बहिणीचं, संस्कृतीचं लग्न मोडलं. पण ते मोडलंच नाही असं व्हावं, म्हणून सांगतो.

गेवराईच्या मंगल कार्यालयात आमच्या मोठ्या अक्कानं अक्षता आणि नवा क्लच, म्हणजे बिनबंदाची छोटी पर्स, एकाच हातात धरला होता. मागल्या साली मऊ कापडी क्लचची फॅशन होती, यंदा पितळी डब्यासारखे आले. "सावधान" झालं, अक्कानं हात झटकला आणि अक्षतांबरोबर क्लचही गेला. नवरदेव आडवा.

"अक्षता टाकायच्या का डबे हाणायचे?" म्हणत नवरदेवाचे मामा मोहनराव वऱ्हाड माघारी घेऊन गेले.

"मागल्या साली लई मऊ व्हता ओ!" अक्का रडत राहिली.

संस्कृती अजून तिच्याशी बोलत नाही.

तरी संबंधित फॅशनवाल्यांना नम्र विनंती, की मऊ क्लच लग्नाच्या आदल्या दिवसापासून, पूर्वलक्षी प्रभावाने, पुन्हा लागू करावा.