दादाच्या शेवटच्या पाच गिटारी

धाकटीने पन्नाशी ओलांडली तरी सगळा बाजार तिला धाकटीच म्हणायचा, कारण दादा तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा होता आणि रोज कामावर येत होता. पुढे दुकान, मागे कारखाना, मधे फळ्यांची भिंत. मागे दादा गिटारी बनवायचा, पुढे धाकटी त्या विकायची. दादाने लग्न केलं नव्हतं. कुणी छेडलंच तर म्हणायचा, "मुली उजवण्यातून सवड मिळाली तर करीन ना!" मुली म्हणजे गिटारी. गिटारीच्या वरच्या फळीचं लाकूड वडिलांनी विकत घेऊन माळ्यावर वाळत घातलेलं. चाळीस वर्षं मुरलेलं ते लाकूड दादा पुरवून पुरवून वापरायचा.

पुढे धाकटीने परदेशी गिटारीही ठेवायला घेतल्या. खोक्यातून यायच्या, सगळ्या एका साच्यातल्या, दादाच्या गिटारीच्या चौथाई किमतीत. दादा आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मग एका दुपारी म्हणाला, "ठेव बाई. पिकतं तिथे विकत नाही."

गिऱ्हाईक विचारायचं, "एवढं जास्त द्यावं, असा काय फरक आहे हो?" धाकटी वाद घालत नसे. दोन्ही गिटारी हातात द्यायची आणि म्हणायची, "डोळे मिटून वाजवा." बरेच जण शेवटी खोक्यातलीच न्यायचे, खिसा बघून. पण दारातून एकदा वळून दादाच्या गिटारीकडे बघायचे, आणि धाकटीला तेवढं पुरे व्हायचं.

एका सकाळी संगीत शिकवणाऱ्या बाई आल्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी दादाची गिटार घेतली होती. आता मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली होती, तिलाही तशीच हवी होती. धाकटीने नुकतीच तयार झालेली काढून दिली. बाईंनी वाजवली, थांबल्या, पुन्हा वाजवली. मग खोक्यातली उचलली आणि तीच धून तिच्यावर वाजवून पाहिली.

"रागावू नका," त्या हलकेच म्हणाल्या. "पण ही पिंपात तोंड घालून बोलल्यासारखी वाजते. ती साधी आहे, पण मोकळी बोलते."

"तारा बदलून देते," धाकटी म्हणाली. तारा बदलल्या. काही फरक पडला नाही. खरं तर हे तिलाही काही महिने खटकत होतं. ती दमट हवेला बोल लावत आली होती.

"दादा, जरा बाहेर ये रे!" तिने तीनदा हाक मारली. आत सामसूम होती, तरी दादा आला नाही. ती आत गेली. दादा तिच्याकडे पाठ करून बसला होता. हातातल्या फळीवर बोटाने टिचकी मारून ती कानाशी नेत होता. मग तिची कड जबड्याला टेकवून पुन्हा टिचकी. मान हलवून त्याने आणखी थोडी खरवडली. टिचकी. पुन्हा खरवडली.

धाकटीला आता उलगडलं. फळी किती पातळ करायची हे दादा कधी मोजत नसे, कानाने ठरवायचा. हवा तो आवाज कानाला येईना म्हणून तो नुसता खरवडत चालला होता.

बाई खोक्यातली घेऊन गेल्या. दादाने विचारलं तेव्हा खरं सांगायला धाकटीची जीभ रेटली नाही. त्याच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "तुझीच नेली."

"बाईंना सांगितलंस ना, उन्हात ठेवू नका म्हणून?"

"सांगितलं."

ती गिटार धाकटीच्या पलंगाखाली गेली. वर्षभरात तिच्या शेजारी आणखी चार आल्या, आणि दर वेळी धाकटीने दादाला नवं गिऱ्हाईक सांगितलं. कान तपासून घेऊ म्हटलं की दादा हसायचा. "आधी गिऱ्हाइकांचे तपास!"

मग धाकटी तापाने पडली. दादा औषध घेऊन आला. ती कुडकुडत होती म्हणून त्याने पांघरूण काढायला पलंगाखालची पेटी ओढली, आणि पेटीमागे त्याला त्या दिसल्या. त्याने एकेक बाहेर काढली, भिंतीला ओळीने उभी केली आणि समोर जमिनीवर बसला.

"ही बाईंची," तो म्हणाला. "ही त्या डॉक्टरची, जो वाजवताना रडला म्हणालीस. ही परगावी गेली होती."

धाकटीने तोंड फिरवलं.

"वाजव. मला जे ऐकू येत नाही ते सांग."

तिने एक वाजवली आणि सांगून टाकलं, त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, जवळजवळ ओरडून. खर्ज पसरतो. वरचे सूर उमटतच नाहीत. पाचही तशाच.

दादाने फळीवर तळवा ठेवला. "फळी फार पातळ झाली हे हाताला कळलं असतं," तो म्हणाला. "मी कानाचंच ऐकत बसलो."

"दादा, तुला वाईट वाटेल म्हणून मी..."

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर बाकीच्या चार वाचल्या असत्या, धाकटे. तू ऐकलं असतंस, मी खरवडलं असतं. दोघांत मिळून दोन कान तर होते." त्याचा आवाज चढला नाही. "बाबांचं लाकूड होतं ते. संपलं. नव्या फळ्या आणू, पण त्या वाळेपर्यंत मी कुठला असायला?"

धाकटीला आजवर वाटत होतं की आपण भावाचं मन जपलं. ती कितीतरी वेळ रडली. दादाने तिला पाणी दिलं, पांघरूण घातलं, पण डोक्यावरून हात फिरवला नाही.

ती बरी झाल्यावर दादाने पाचही गिटारींच्या आतल्या आपल्या नावाच्या चिठ्ठ्या ओलसर फडक्याने भिजवून, वाकवलेल्या तारेने खरवडून काढल्या. "बिननावाच्या जाऊ देत," म्हणाला. धाकटीने त्या एका शाळेला देऊन टाकल्या. दादा तरीही रोज कामावर येतो. खोक्यातून आलेल्या गिटारींच्या दांडीवरचे पडदे घासून सारखे करतो, तारांची उंची बसवतो. ते काम मोजपट्टी लावून होतं, त्याला कान लागत नाही.

महिन्याभराने धाकटी शाळेत जाऊन आली. दादा काम करत होता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसतील अशी.

"वाजवतायत का?" त्याने विचारलं.

"वाजवतायत. खूश आहेत मुलं."

"कशा वाजतात?"

धाकटीने या वेळी नजर चुकवली नाही. "तशाच वाजतात, दादा."

त्याने मान डोलावली आणि पुढची गिटार मांडीवर घेतली.