स्पर्शाआधीचा एक तास

रविवारी सकाळी नऊच्या आतच त्या गॅरेजसमोर पाय ठेवायला जागा उरत नसे. कुणी कुत्र्याला लहान मुलासारखं कडेवर घेतलेलं, कुणाचं मांजर टोपलीत, वरून ओढणी बांधलेली. जनावरं बहुतेक लंगडी, सुजलेली नाहीतर म्हातारी असत. आत जाताना तीन पायांवर गेलेलं कुत्रं दीड तासाने चार पायांवर बाहेर येई आणि रस्त्यावरचे बघे मोबाइल वर धरत.

हा चमत्कार करणाऱ्याला सगळे स्पंदनकाका म्हणत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते याच गॅरेजात बिघडलेले फ्रिज दुरुस्त करायचे. आता पांढराशुभ्र सदरा घालून, डोळे अर्धे मिटून बोलायचे.

"औषध शरीराला हुकूम सोडतं. मी शरीराला विनंती करतो. सूज म्हणजे काय? पेशींचा बिघडलेला सूर. मी फक्त सूर लावून देतो."

त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं मी गल्ल्यामागे उभा आहे, त्यामुळे असल्या बोलण्याचं मला हसू यायचं. गिऱ्हाइकांना मी त्यांची नक्कलही करून दाखवायचो. त्यापलीकडे काही करावं असं मला कधी वाटलं नाही.

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. भावोजी गेल्यावर तिच्या घरात ती आणि चिंधी, दोघीच राहिल्या. चिंधी म्हणजे तिची मांजर. कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात सापडलेली, म्हणून चिंधी. ताई मशीनवर बसली की ही शेजारी टेबलावर पसरणार आणि ताई तिच्याशी दिवसभर बोलणार. एका बोक्याशी मारामारी होऊन चिंधीचा पुढचा पाय टम्म सुजला.

"जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे ने," मी म्हणालो.

"त्या सुई टोचतात. मग ही दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. काका नुसता हात लावतात. तू चल माझ्याबरोबर, टोपली जड होते."

मी गेलो. आत शिरताच पडद्याआडून एका हाताने बशी पुढे केली. दूध, आणि त्यात पांढरट पूड. म्हणे शुद्धीची बशी. ती घेतल्यावर जनावराला घेऊन तासभर गप्प बसायचं. त्यानंतर काकांचा स्पर्श.

"पुडीत काय आहे?" मी काकांना विचारलं.

"फ्रिजमध्ये थंडावा धरून ठेवणारा वायू असतो ना, तशी ही पूड स्पंदन धरून ठेवते."

चिंधीने बशीला तोंड लावलं नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या कानाशी हसत म्हणालो, "पिठीसाखर असणार. काही होत नाही त्याने, पाज."

ताईने चमच्याने पाजलं. तासाभराने काकांनी पायावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि खाली सोडल्यावर चिंधी खरंच तो पाय टेकून चालली. ताईचे डोळे भरून आले. संध्याकाळची आणि सकाळची अशा आणखी दोन पुड्या बरोबर मिळाल्या.

सोमवारी दुपारी ताईचा फोन आला. "हिचं तोंड सुजलंय रे. श्वास बघ कसा घेते आहे."

मी दुकान तसंच टाकून धावलो. टोपली घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे पोचलो. त्यांनी चिंधीचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असायला हव्यात, त्या कोऱ्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. बाईंनी तिला प्राणवायू लावला, रक्त काढलं. तेही तपकिरी.

"काय दिलंत हिला?"

"काही नाही," ताई म्हणाली. "औषध म्हणून काहीच नाही. काकांची पुडी फक्त."

"पुडी उरली आहे?"

ताईने पिशवीतून कागद काढला. तळाशी थोडी पूड चिकटली होती. बाईंनी ती दिव्याखाली धरली. पांढऱ्या पुडीत बारीक नारिंगी ठिपके होते.

ते ठिपके मी लगेच ओळखले. गोळी कुटली की वरच्या वेष्टनाचे असे तुकडे होतात. ती गोळी माझ्या फळीवर होती. सूज उतरवणारं एन्झाइम, सोबत पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक, तिन्ही एकाच गोळीत. माणसांच्या गुडघेदुखीवर धडाधड खपते. चष्मा लावणारी एक शांत बाई दर शुक्रवारी येऊन दहा पाकिटं न्यायची. म्हातारी माणसं सांभाळते म्हणाली होती. मी एकदाही डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नव्हती.

मी बाईंना गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच सुई काढली. मग औषध भरताना म्हणाल्या, "मांजराच्या शरीराला पॅरासिटामॉल पचवताच येत नाही. एवढ्याशा जिवाला एक गोळीसुद्धा फार होते. रक्त प्राणवायू वाहून नेणं सोडून देतं."

"पण ती चालली होती," ताई म्हणाली. "हात लावल्यावर."

"तासाभराने चालली ना? दुखणं कमी करणाऱ्या औषधाला तेवढाच वेळ लागतो. पाय बरा झाला नव्हता, फक्त दुखायचा थांबला होता."

"आणि ते एन्झाइम?" मी विचारलं. "ते तर सौम्य असतं म्हणतात."

"ते तासाभरात काहीच करत नाही. सुजेवर मी ते कधी कधी देते, पण नुसतं तेच. वजन करून, रक्ताचा किंवा यकृताचा काही त्रास नाही ना ते बघून, दुसरं काय चालू आहे ते विचारून. रक्तस्राव होत असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर देत नाही. आणि त्याचा फार उपयोग होतो असं छातीठोकपणे मीही सांगणार नाही. पाकिटावर एन्झाइम लिहिलंय म्हणून माणसाची गोळी जनावराला चालते असं नाही. या महिन्यात माझ्याकडे काळी शी करणारी चार कुत्री आली. पोटात रक्तस्राव. चौघांचेही मालक म्हणाले, औषध काहीच दिलं नाही."

मंगळवारी दुपारी चिंधी गेली. ताईने तिला स्वतः शिवलेल्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलं. माझ्याशी ती एकच वाक्य बोलली. "तू म्हणालास साखर आहे."

रविवारी ताई आपणहून गॅरेजकडे निघाली. मी आणि डॉक्टरीणबाई मागोमाग. गर्दी नेहमीसारखीच होती. सगळ्यात पुढे एक निवृत्त पोस्टमन आपल्या लंगड्या कुत्रीला घेऊन बसले होते. पडद्याआडून बशी आली, तेव्हा ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आज हिला बशी देऊ नका," ती म्हणाली. "काकांचा हात लागणार आहेच. त्या हातातच गुण असेल तर बशी कशाला?"

पोस्टमन गोंधळले. "काका, चालेल का?"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. नाही म्हणणं अवघड होतं. तासभर सगळे गप्प बसले. मग काकांनी कुत्रीच्या पायावर हात ठेवला, डोळे मिटले, हात बराच वेळ ठेवला. कुत्री उठली आणि तीन पायांवर दारापर्यंत गेली.

"श्रद्धा कमी पडली," काका म्हणाले. "संशयाने स्पंदन तुटतं."

"कुणाची श्रद्धा?" पोस्टमन शांतपणे म्हणाले. "माझी होती. आणि हिला तुम्ही काय करता तेच माहीत नाही."

मागे कुणीतरी हसलं. मी पुढे झालो. त्या नारिंगी गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं, दोन गोळ्या वाटीत कुटल्या आणि शेजारी काकांच्या टेबलावरचीच एक पुडी उघडली. लोक वाकून पाहू लागले. दोन्हींत तेच ठिपके होते. मग मी पडदा सरकवला. आत चष्मा लावणारी बाई खलबत्ता घेऊन बसली होती. ती काकांची बहीण. तिने मला ओळखलं आणि मान खाली घातली.

"या गोळ्या मी विकल्या," मी म्हणालो. हे बोलायला मला फार जड गेलं. "चिठ्ठी न बघता. माझ्या बहिणीची मांजर याच गोळ्यांनी गेली. ज्यांनी पुड्या नेल्या असतील त्यांनी त्या देऊ नका. डॉक्टरीणबाई बाहेर उभ्या आहेत, ज्यांनी दिल्या त्यांनी आत्ताच त्यांना दाखवा."

काका सदऱ्याची बाही चोळत राहिले. "मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं," ते पुटपुटले. "या गोळीने माझ्या गुडघ्याला गुण आला होता, म्हणून..." त्यांचं वाक्य कुणी पुरं ऐकलं नाही. सगळे आपापली जनावरं उचलून बाईंकडे धावले होते. तिथल्या दोन कुत्र्यांना त्याच दिवशी सलाइन लावावं लागलं. एक वाचलं.

माझ्याविरुद्धची तक्रार मीच औषध खात्यात लिहून दिली. दुकान महिनाभर बंद राहिलं. काही लोक अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, आमचं कुत्रं चालत होतं, तुम्ही बंद पाडलंत. त्यांना मी पुन्हा पुन्हा तेच समजावतो. दुखायचं थांबलं म्हणून ते मोडक्या पायावर भार देत होतं, आणि आत पोट सोलवटत होतं.

मी स्वतःला बुद्धिवादी समजायचो. त्या गॅरेजातल्या लोकांनी विश्वास ठेवला आणि विचारलं नाही, मी हसलो आणि विचारलं नाही. चिंधीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. भोंदूच्या हातात काही नसतं हे खरं, पण त्याच्या पुडीत काहीतरी असू शकतं. म्हणून कुणी तुमच्या जनावराच्या तोंडात काही घालू लागलं, मग तो बाबा असो, शेजारी असो की माझ्यासारखा दुकानदार, तर हात धरा. यात काय आहे, किती आहे, आणि या जिवाला ते चालतं हे कुणी तपासलं, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत हात सोडू नका. जनावराला स्वतःला विचारता येत नाही.