मिनोटॉरला पडलेल्या शिट्ट्या

नाटकात स्नेहलला काम एवढंच होतं. राजकन्या होऊन यायचं, थीसियसच्या हातात दोऱ्याचा गुंडा द्यायचा, मग तलवार द्यायची आणि बाजूला उभं राहायचं.

शिरूरच्या कॉलेजात गॅदरिंगला दरवर्षी तेच ते व्हायचं. म्हणून इंग्रजीच्या ललिता मॅडमनी यंदा ग्रीक गोष्ट काढली. क्रीट नावाच्या बेटावर एक राजा होता. त्याच्या वाड्याखाली भुलभुलैया होता, आणि त्यात अर्धा माणूस, अर्धा बैल असा मिनोटॉर कोंडलेला. त्याला खायला दुसऱ्या गावची तरणी पोरं पाठवायची. शेवटी थीसियस नावाचा वीर आत शिरतो, राक्षसाला मारतो आणि राजकन्येनं दिलेल्या दोऱ्याच्या मागानं बाहेर येतो.

थीसियस आधी दुसराच एक मुलगा करणार होता. पण स्नेहलच्या वडिलांनी, हौसरावांनी, गॅदरिंगच्या स्टेजचा आणि साउंडचा सगळा खर्च उचलला आणि तिचा थोरला भाऊ विश्वजीत आपोआप हीरो झाला. राजकन्या आणि वीर म्हणजे भाऊबहीण, तेव्हा मॅडमनी प्रेमाचा भाग मुकाट्यानं काढून टाकला.

मिनोटॉर व्हायला कुणी तयार नव्हतं. तोंड झाकायचं, संवाद एक नाही, शेवटी मार खाऊन पडायचं. सुमित म्हणाला, "मी करतो."

सुमित स्नेहलच्याच गावचा, निमोण्याचा, बौद्धवस्तीतला. वडील शंकरराव कंपनीत मशीनवर होते, आई जाईबाई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. विश्वजीत बुलेटवरून कॉलेजला यायचा. स्नेहल आणि सुमित एसटीनं. गावात एकमेकांशी न बोलणारी ती दोघं एसटीत मात्र बोलायची. मोकळं असं नाही, पण बोलायची.

मुखवटा सुमितनंच केला. पेपर भिजवून, मैद्याच्या खळीत कालवून त्यानं बैलाचं तोंड उभं केलं. पाइपची शिंगं बसवली आणि ती पोळ्याला रंगवतात तशी हिंगुळानं लाल केली. एक दिवस एसटीत तो म्हणाला, "मोबाइलवर मूळची गोष्ट वाचली. त्यो मिनोटॉर त्या राजकन्येचा भाऊच असतो. आई एक, बाप येगळा. म्हंजी या नाटकात मी बी तुझा भाऊ लागतो."

"मग मी त्याला मारायला तलवार देती व्हय?"

"देतीस की. गोष्टच तशी हाय."

दोघंही हसली होती.

रंगीत तालमीला हॉल भरला होता. सुमित मुखवटा घालून आला. नुसता चालला. मान खाली, खांदे पुढे, एका भिंतीवर आपटून दुसरीकडे वळायचं, तिथं आपटून परत मागं. कोंडलेलं जनावर कसं फिरतं ते बघणाऱ्या पोरांनी आपापल्या गोठ्यात पाहिलं होतं. हॉल गप्प झाला. मग एकदम शिट्ट्या सुरू झाल्या. विश्वजीतनं तलवार उगारली तर मागून कुणीतरी ओरडलं, "अय हीरो, बैलाला सोड!" सगळे खदखदून हसले. विश्वजीत संवाद विसरला. त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होता.

त्या रात्री जेवताना हौसराव पोराला म्हणाले, "गावात दाखवत्यात एकमेकांना. कुणापुढं हसं करून घेतलंस, कळतंय का?" विश्वजीत ताटावरून उठला. सरूबाई, विश्वजीत-स्नेहलची आई, भाकरी हातात धरून त्याच्या पाठीकडं पाहत राहिली.

गॅदरिंगच्या दिवशी संध्याकाळी पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत फेटे, मागं पोरं. जाईबाई सगळ्यात मागं, इतर बायांबरोबर उभी होती. ती नवं लुगडं नेसली होती.

स्नेहलची एंट्री आली. दोऱ्याचा गुंडा दिला. मग विंगेतल्या टेबलावरून तलवार उचलायला ती वळली. तालमीत ती एका हातानं उचलायची. प्लायवूडची पट्टी, तिच्यावर चंदेरी कागद. तिनं उचलली आणि तिचं मनगट खाली गेलं.

चंदेरी कागद तोच होता. आत लोखंड होतं.

तिनं विंगेत पाहिलं. ललिता मॅडम हातानं खुणावत होत्या, चल, चल. स्पीकरवर नगारे वाजत होते. विश्वजीत मधोमध हात पुढे करून उभा होता आणि तिच्याकडं पाहत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. तालमीत दिसायची त्याहून शांत होती ती नजर. स्नेहलला सगळं कळलं. कळूनही तिचे पाय पुढे चालत गेले. दोन्ही हातांनी तिनं तलवार त्याला दिली आणि ठरल्या जागी जाऊन उभी राहिली.

घाव खांद्याला चाटून जाईल असा द्यायचा होता. पहिला डोक्यात बसला. शिंग मोडून पुढच्या रांगेत उडालं. सुमितचा हात वर आला, पंजा उघडा. तालमीत हे नव्हतं. पब्लिकला वाटलं, काय काम करतोय! शिट्ट्या पडल्या. दुसरा घाव बसला तशी शिट्ट्यांची लाट उठली. सुमित गुडघ्यावर आला, मग कुशीवर पडला. विश्वजीतनं तलवार वर धरली, जशी शेवटी धरायची होती तशीच. पडदा पडला तरी टाळ्या थांबत नव्हत्या.

मुखवटा काढायला गेले तर तो निघेना. ओल्या कागदाचे तुकडे हातात येत होते, लाल लगदा. मग मॅडम किंचाळल्या.

सुमितला आधी शिरूरला, तिथून पुण्याला नेलं. हौसरावांनी गाडी दिली. पेट्रोलही भरून दिलं. सगळ्या गावानं ते पाहिलं.

सकाळी घरी पोलीस आले तेव्हा ओसरीवर चहा झाला. कॉलेजातून आणलेली तलवार पोलिसांनी दाखवली. प्लायवूडची होती. स्नेहलनं ती हातात न घेताच ओळखली, तालमीतली.

"हीच दिलीस ना, पोरी?" साहेबांनी विचारलं.

हौसराव बाजूलाच बसले होते. दाराच्या आड सरूबाई उभी होती. आईचे हात पदराशी चाळा करत होते.

"हीच," स्नेहल म्हणाली.

"पडला, स्टेजच्या अँगलवर डोस्कं आपटलं," हौसराव म्हणाले. "पोरांच्या खेळात व्हतं असं. वाईट झालं." त्यांना खरंच वाईट वाटत असावं. आवाज तसाच होता.

ललिता मॅडमनीही सांगितलं की, त्या विंगेत होत्या, त्यांना नीट दिसलं नाही.

सुमित शुद्धीवर आलाच नाही. आठवड्यानं त्याला निमोण्यात आणलं. वस्तीवर बुद्धवंदना झाली. माइकचा आवाज स्नेहलच्या घरापर्यंत येत होता. विश्वजीत माडीवर दार लावून पडला होता. स्नेहल वर गेली, दाराबाहेर उभी राहिली.

"दादा, ती लोखंडाची पट्टी कुठं टाकलीस?"

आत खाट करकरली. मग तो म्हणाला, "घोडनदीत." आणि जरा वेळानं, "मला त्याला मारायचं नव्हतं गं. नुसतं पाडायचं हुतं. सगळ्यांपुढं." मग तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसंच. स्नेहलचा हात दारावर गेला, पण तिनं दार ढकललं नाही.

ती जिना उतरली, चपला घातल्या आणि दिवसाढवळ्या गावाच्या मधून बौद्धवस्तीकडं चालत गेली. त्या वाटेनं ती याआधी कधी गेली नव्हती. पारावरच्या माणसांनी माना वळवल्या.

जाईबाई अंगणात भिंतीला टेकून बसली होती. आजूबाजूला बाया. शंकरराव आत निजलेले. स्नेहलला पाहून एक म्हातारी उठली, "आता काय ऱ्हायलंय तुमचं हितं?"

स्नेहल उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "काकू, तलवार लोखंडाची हुती. मी खोटं सांगितलं."

जाईबाईनं वर पाहिलं. "तुला कवा कळलं?"

"हातात घेतली तवाच. जड लागली."

"जड लागली." जाईबाईनं तो शब्द तोंडात घोळवला. "आन् तरी दिलीस?"

"सगळी बघत हुती," स्नेहल म्हणाली.

बायांत गलका झाला. कुणी शिव्या दिल्या. जाईबाई उठली, पदर सावरला. वाटलं, मारणार. तिनं मारलं नाही.

"मला सांगून काय करू मी त्याचं? चल शिरूरला. तिथं सांग."

दोघी एसटीनं गेल्या. शेजारची जागा मोकळी असूनही जाईबाई पुढच्या सीटवर जाऊन बसली. वाटेत एकदाही तिनं मागं वळून पाहिलं नाही.

जबाब परत झाला. पहिल्या दिवशीचे साहेब रजेवर गेले, दुसरे आले. विश्वजीतला धरलं, ॲट्रॉसिटीचं कलम लागलं. हौसरावांनी लेकीला एक शब्द विचारला नाही. सरूबाईनं मागच्या दारानं तिची कपड्यांची पिशवी दिली आणि आपल्या बहिणीकडं, दौंडला, जायला सांगितलं. पिशवी देताना तिनं लेकीचा दंड इतका आवळला की, बोटं उमटली. माया होती की राग, स्नेहलला कळलं नाही.

दौंडात चांगुणामावशीनं तिला ठेवून घेतलं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती कॉलेजसाठी आलीय असंच सांगितलं. काही महिन्यांनी विश्वजीतला जामीन मिळाला. फोटो मैत्रिणीनं पाठवला. गावाच्या वेशीवर फ्लेक्स, त्यावर विश्वजीतचा गॉगल घातलेला चेहरा, खाली पोरांची ओळीनं नावं. 'वाघ परतला.' स्नेहलनं फोटो मोठा करून भावाचा चेहरा पाहिला. तो तिच्या ओळखीचा नव्हता.

साक्षीच्या तारखेला ती कोर्टात आली तेव्हा बाकावर जाईबाई आधीच बसली होती. वाळली होती. समोर झाडाखाली पांढऱ्या कपड्यांतल्या पोरांचा घोळका होता, मधे विश्वजीत. त्यातल्या एकानं स्नेहलकडं बघत जोरात शिट्टी मारली. विश्वजीतनं मान खाली घातली, पण त्या पोराला गप्प बस असं काही तो म्हणाला नाही.

बाकावर जाईबाईशेजारी जागा होती. स्नेहल उभीच राहिली.

"भ्याव वाटतंय का?" जाईबाईनं समोर बघतच विचारलं.

"व्हय."

"मला बी." ती म्हणाली, "पर सांगताना कायबी गाळू नगंस. जड लागली ते बी सांग. तू दिलीस ते बी."

स्नेहलनं मान हलवली. आतून शिपायानं तिच्या नावाचा पुकारा केला, बापाच्या नावासकट, आडनावासकट. झाडाखालचा घोळका वळून पाहू लागला. ती पायऱ्या चढून आत गेली आणि तिनं काही गाळलं नाही.