दुसऱ्याच्या दारातलं पाणी

पाणी सप्ताहाचं परिपत्रक आलं तेव्हा मी आधी वैतागले, हे कबूल करते. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातले धनसिंग गुरुजी जनगणनेच्या कामावर. मुख्याध्यापक मी, घंटा वाजवणारीही मीच. माझे यजमान शालिग्राम धुळ्यात, डावं अंग लुळं पडलेलं. शेजारीण सवडीनं येऊन दोन घास भरवायची तेव्हा ते जेवायचे. माझा बदलीचा अर्ज तीन वर्षं तालुक्याला पडून होता. अशा बाईनं भडगावजवळच्या या खेड्यात पोरांना पाणी शिकवायचं होतं.

तरी शिकवलं. अंगणात मातीचा ढीग घातला, त्यावर खड्यांची घरं मांडली आणि वरून कळशी ओतली. पाणी वरच्या आळीतून खाली आलं आणि बौद्धवाड्याच्या खड्यांपाशी डबकं करून थांबलं. तिथं हातपंप म्हणून मी काडी रोवली होती, ती आडवी झाली. पोरं हसली. पंचशीला हसली नाही, तिचं घर त्या पंपाला लागूनच होतं. मग मी फळ्यावर व्याख्या लिहून दिली. पावसाचं पाणी ज्या भागातून उतारानं वाहत एका जागी येतं, तो भाग म्हणजे पाणलोट. पाच वेळा म्हणवून घेतली आणि खुर्चीत बसले.

चाचणीत पंचशीलानं लिहिलं, 'पाणलोट म्हणजे आपलं पाणी दुसऱ्याच्या दारात लोटणे.' मी लाल फुली मारून शून्य दिलं. ती वही घेऊन टेबलाशी आली.

"बाई, चुकनं का? आमना दारमा तर बठ्ठा गावनं पानी लोटतस."

"त्या शब्दाचा अर्थ तसा नाही, बाळा."

"पंपनं पानी वास मारस. धाकला भाऊ दवाखानामा शे."

मला ठाऊक होतं. तिचे वडील सुकदेव दोनदा ग्रामपंचायतीत जाऊन आले होते. सरपंच चुडामण आबा दोन्ही वेळा 'पाहू' म्हणाले होते. पंपाशी येणारी नाली आबांच्याच आळीतून निघायची, त्यामुळे पाहणार कोण, हे उघड होतं. पण माझी पाठ दुखत होती, तपासायच्या वह्या अजून पडल्या होत्या आणि तिनं आता जागेवर जावं एवढंच मला हवं होतं. म्हणून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर फळ्यावरचं उत्तर दे. बरोबर बोलणाऱ्याचं साहेब ऐकतात." बोलले आणि विसरून गेले. तिनं मात्र न सांगता ती व्याख्या दहा वेळा लिहून आणली.

साहेब आले ते आबांना सोबत घेऊनच. प्यायला आबांच्या विहिरीची कळशी आली होती. साहेबांनी पाणी गोड असल्याचं दोनदा सांगितलं. मग चौथीकडं वळून त्यांनी विचारलं, "पाणलोट म्हणजे काय?"

पंचशीला उठली. माझ्याकडं एकदा पाहून तिनं अख्खी व्याख्या न अडखळता म्हटली. उदाहरण विचारल्यावर गिरणेचं खोरं सांगितलं. साहेब खूश झाले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'मुलांना पाणलोट उत्तम समजला आहे.'

जीपकडं जाताना ते म्हणाले, "बाई, तुमच्या अर्जाचं पाहतो मी. आबाही तुमच्याबद्दल चांगलं बोलले. त्यांचा शब्द चालतो वर."

"आमनी बाई कोना अध्यात ना मध्यात," आबा म्हणाले.

मी हसून मान डोलावली. खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता. धुळ्याच्या खोलीत यजमानांची खाट खिडकीशी कशी सरकवायची, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं. वर्गात येऊन साहेबांच्या शेऱ्याखाली नेहमीसारखं 'वाचले' असं लिहिलं. तिथं मुख्याध्यापकानं आपलं म्हणणं लिहायचं असतं आणि आठ दिवसांत नक्कल तालुक्याला पाठवायची असते. अकरा वर्षांत माझं म्हणणं 'वाचले'च्या पुढं कधी गेलं नव्हतं.

शाळा सुटली तरी पंचशीला दारात उभी होती.

"बाई, मी बरोबर बोलनू ना?"

"अगदी बरोबर."

"मंग आते नाली कधळ फिरावतीन?"

मला आधी काही कळेना. मग माझेच शब्द आठवले आणि लाज वाटली. पोरीला गुण नको होते, शाबासकी नको होती. नाली कधी वळवणार, एवढ्यासाठी तिनं दहा वेळा लिहिलं होतं.

शेरेबुक समोर उघडंच होतं. 'वाचले'च्या खाली अर्धं पान कोरं होतं. खिडकीशी सरकवलेली खाट डोळ्यांसमोरून हलेना. आणखी तीन वर्षं, कदाचित पाच. मला भीती वाटत होती. मी पेनचं टोपण काढलं.

"बस इथं. तुझं चाचणीतलं उत्तर सांग."

"ते चुकेल उत्तर?"

"ते चुकलेलं नव्हतं. माझी फुली चुकली होती. पंपाचं सांग, भावाचंही सांग. हळू सांग, मी लिहिते आहे."