हात हलवायचे नाहीत

मॅरिटनं मेंढ्यांच्या औषधाची बाटली उजेडाकडे धरली आणि बुचावरचं सील नखानं चाचपून पाहिलं. मागच्या वेळी एक फुटकी निघाली होती. दुसरी बाटली उचलते तोच बाहेरून आवाज आला.

"हात वर कर! पिस्तुलापासून हात लांब!"

पशुखाद्याचं ते दुकान चालवणारी वर्ना खिडकीशी गेली आणि तिथंच थिजली.

"मॅरिट," ती हळूच म्हणाली, "तुझे बाबा."

दुकानाच्या कडेनं माल चढवायचा लाकडी धक्का होता. त्याच्या पार टोकाला मॅरिटनं पिकअप मागं घेऊन लावली होती. तिचे वडील, एल्डन थोरसन, धक्क्यावर दुकानाकडे पाठ करून उभे होते आणि मेंढ्यांना चाटायला घेतलेल्या मिठाच्या विटा एकेक करून हौद्यात ठेवत होते. दोन्ही हात लावल्याशिवाय उचलू नये अशी एकेक वीट जड. कमरेला उजव्या बाजूला, जुन्या चामडी होल्स्टरमध्ये, त्यांचं पिस्तूल. गेले काही आठवडे बिबट्यासारखा एक प्यूमा कळपावर येत होता, तेव्हापासून ते पट्टा घालतानाच पिस्तूल अडकवत आणि मग ते आहे हेच विसरून जात.

धक्क्याच्या खाली, त्यांच्या पाठीमागं, पोलिसांची गाडी तिरकी उभी होती. दाराआड शेरीफच्या हाताखालचा एक डेप्युटी. दोन्ही हातांनी धरलेलं पिस्तूल त्यानं एल्डनच्या पाठीवर रोखलं होतं. चेहरा मॅरिटच्या ओळखीचा नव्हता.

"शेवटचं सांगतोय! हात वर!"

एल्डननी वाकून पुढची वीट उचलली.

मॅरिट दाराकडे झेपावली. वर्नानं तिची बाही धरली.

"धावू नकोस. चालत जा. हात दिसू देत."

मॅरिटनं खांद्यानंच दार ढकललं आणि दोन्ही तळवे पुढं धरून ती धक्क्यावर आली. वारा तोंडावर आला. डेप्युटीनं मान वळवली, पिस्तूल मात्र वळवलं नाही.

"थांबा तिथंच, बाई. हात वर ठेवा."

"ते बहिरे आहेत," मॅरिट म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "माझे वडील आहेत. जन्मापासून बहिरे. तुम्ही काय ओरडताय ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही."

त्याच्या भुवया हलल्या. विश्वास बसला की नाही ते कळेना. "मग त्यांना सांगा. हात वर करून माझ्याकडे पाठ ठेवा म्हणावं."

"सांगते. पण त्यासाठी मला हात हलवायला लागतील. आम्ही हातांनी बोलतो."

"हात हलवायचे नाहीत."

"मग सांगू कशी?"

"ओठ वाचता येत असतील ना त्यांना?"

"माझ्याकडे बघत असतील तर."

त्यानं पिस्तुलावरची पकड पुन्हा आवळली. तिशीतला असेल. पोरगेला म्हणावा असा नाही, पण मुरलेलाही नाही. मुरलेला असता तर मॅरिटला एवढी भीती वाटली नसती.

एल्डननी वीट हौद्यात ठेवली. सरकवली. पुन्हा थोडी अलीकडे ओढली. धक्क्यावर आता तीनच उरल्या होत्या. त्या संपल्या की ते वळणार, हात झटकणार, आणि तळवे पुसायला उजवा हात विजारीवर नेणार. नेहमी नेत. होल्स्टरच्या खाली बोटभर अंतरावर.

"ऐका," मॅरिट म्हणाली, "मी पाय आपटते. फळ्यांतून त्यांना कळतं. ते मान वळवून माझ्याकडे बघतील. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. तेवढ्यानं घाबरू नका."

"मी घाबरलेलो नाही."

"बरं. आपटू का?"

त्यानं एकदा फळ्यांकडे पाहिलं. "आपटा."

एल्डननी पुढची वीट उचलून पोटाशी घेतली होती. मॅरिटनं पाय उचलला आणि तिच्या मनात आलं, जोरात आपटला तर? घरात जोरात पाय आपटणं म्हणजे संकट. एकदा गवताच्या गंजीला आग लागली तेव्हा आईनं तसा आपटला होता आणि बाबा गर्रकन वळून हातातलं टाकून धावले होते. आता ते गर्रकन वळले तर संपलं. तिनं पाय आपटला तो जेवायला बोलवताना आपटतात तसा. दोनदा, हलका, जरा आळसावलेला. त्या आळसासाठी तिला अंगातलं सगळं बळ लावायला लागलं.

एल्डननी डाव्या खांद्यावरून मान वळवली.

लेकीचे हात वर होते आणि ते काही बोलत नव्हते. असे गप्प हात त्यांनी कधी पाहिले नव्हते. विटेवरची त्यांची बोटं सैल होऊ लागली. मॅरिटला ते दिसलं. कुणी लुटतंय लेकीला, एवढंच त्यांना कळलं असणार, आणि आता ते वीट टाकणार, आणि उजवा हात कुठं जाणार ते तिला ठाऊक होतं.

तिनं हनुवटी अगदी थोडी डावीकडे नेली, मग उजवीकडे. नाही. मेंढ्या विताना दोघांच्याही हातांत ओली कोकरं असायची, तेव्हा बापलेक असेच बोलायचे, भुवयांनी आणि ओठांनी. तिनं आवाज न काढता, एकेक अक्षर ओठांवर धरून सांगितलं.

पोलीस. मागं. टाकू नका. धरून ठेवा.

त्यांनी डोळे मिटून उघडले. म्हणजे कळलं. बोटं पुन्हा विटेवर आवळली.

"आता या," मॅरिट डेप्युटीला म्हणाली. "दोन्ही हात विटेला आहेत. ते सोडणार नाहीत. सावकाश येऊन पिस्तूल काढून घ्या."

डेप्युटी पायऱ्या चढू लागला. सत्तरीला टेकलेले एल्डन वीट पोटाशी धरून उभे होते. त्यांचे दंड थरथरायला लागले, मग गुडघे. मॅरिटनं त्यांच्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही. धरा, ती ओठांनी म्हणत राहिली. धरा, बाबा, अजून थोडं. डेप्युटीचे बूट फळ्यांवरून येत होते आणि प्रत्येक पाऊल वडिलांच्या तळपायांना कळतंय हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

होल्स्टरचं बटण सुटलं. पिस्तूल निघून डेप्युटीच्या पट्ट्यात गेलं, त्याचं स्वतःचं त्याच्या होल्स्टरमध्ये. मग एका हातानं डेप्युटीनं वीट खाली दाबली आणि ती टेकते न टेकते तोच त्यांचे दोन्ही हात मागं ओढून बेड्या चढवल्या.

"हे कशाला?" मॅरिट म्हणाली. "पिस्तूल घेतलंत ना?"

"खात्री होईपर्यंत."

"मग पुढं घाला बेड्या. हात मागं बांधलेत म्हणजे तोंड बांधलंत तुम्ही त्यांचं."

त्यानं ऐकलं, पण बेड्या तशाच ठेवल्या. एल्डन लेकीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलले. पाठीमागं बोटं काहीतरी म्हणत असावीत. काय, ते तिला दिसत नव्हतं.

डेप्युटीनं खांद्यावरच्या वायरलेसवर नाव सांगितलं. पलीकडून बाईचा आवाज आला, वाऱ्यातही स्पष्ट.

"एल्डन थोरसन? हॅस्केल, अरे, त्यांना ऐकू येत नाही. अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. काय केलंयस तू?"

हॅस्केलनं किल्ली काढली. बेड्या सोडवल्या.

"समोरच्या पेट्रोल पंपावरून फोन आला होता," तो मॅरिटकडे न बघता म्हणाला. "पिस्तूल लावलेला माणूस आहे, वाटेत लावलेली गाडी हलव म्हणून हाका मारल्या तर ढुंकूनही बघत नाही."

"पिस्तूल उघडं लावायला बंदी आहे का इथं?"

"नाही."

"आणि बहिरं असायला?"

गोळ्या काढून त्यानं तिच्या ओंजळीत दिल्या, रिकामं पिस्तूल वेगळं दिलं. "त्यांना सांगा," तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं. मी इथं नवीन आहे."

गोळ्या खिशात टाकून मॅरिटनं ते हातांनी सांगितलं. एल्डन मनगटं चोळत होते. त्यांनी हॅस्केलकडे नीट निरखून पाहिलं, मग दोन-तीन खुणा केल्या.

"काय म्हणताहेत?"

"म्हणताहेत, उरलेल्या विटा चढव."

हॅस्केलनं बेड्या पट्ट्याला अडकवल्या. मग वाकला आणि त्यानं विटा चढवल्या, हौद्याचा फाळका लावला, कडी दोनदा ओढून पाहिली.

पिकअप मॅरिटनं घेतली. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना कापलेली गव्हाची रानं लागली. एल्डन बराच वेळ मांडीवर हात ठेवून बसले होते. मग त्यांनी तिच्या दंडावर टिचकी मारली आणि बोटानं मागं दाखवलं. केबिनची मागची काच.

"दिसत होता मला तो," त्यांचे हात म्हणाले.

मॅरिटनं गाडी कडेला घेतली. एका हातानं विचारलं, "कधीपासून?"

"गाडीतून उतरला तेव्हापासून. काचेत. तोंड हलत होतं त्याचं. काय म्हणतोय कळेना."

"मग हात वर करायचे ना, बाबा."

"विटेसकट? टाकली असती तर आवाज झाला असता. मला येत नाही ऐकू, पण तुम्ही लोक आवाजाला दचकता हे माहीत आहे मला." ते थांबले. "हौद्यात ठेवून मोकळे हात वर न्यायचे, तर ते पिस्तुलाजवळूनच जाणार. म्हटलं, विटा उचलतोय तोवर यानं गोळी घातलेली नाही. तेच करत राहावं."

"आणि संपल्या असत्या तर?"

एल्डननी खरोखर विचार केला. कपाळाला आठी पडली.

"चढवलेल्या उतरवायला लागलो असतो."

मॅरिटनं काहीतरी म्हणायला दोन्ही हात उचलले. बोटं जुळेनात. एकही शब्द हातांवर उभा राहीना. एल्डननी ते हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि घट्ट धरले. आता दोघांनाही बोलता येत नव्हतं.

मागून येणाऱ्या ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. तो तिला एकटीलाच ऐकू आला. तिनं हात सोडवून घेतले नाहीत.