पिवळं पाकीट, पांढरं पाकीट

"मान वर करा त्याइची, वर! अन् कांदा हुंगवा," लालीबाई शेजारच्या दारातूनच ओरडली.

"नको वो बाई. मान वर केली का रक्त घशात जाते." शीलानं नवऱ्याला, पंजाबरावांना, खाटेच्या कडेवर पुढे वाकवून बसवलं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला.

अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची बावीस वर्षं गेली होती. घोळणा फुटलेली पोरं तिच्याच पदराला तोंड पुसून मोठी झालेली. प्रशिक्षणातली कारणं पाठ होती: ऊन, कोरडी हवा, सर्दी, ब्लडप्रेशर, नाकात बोट.

"बोट तं नाही ना घातलं?"

लकवा झाल्यापासून पंजाबरावांचा उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राही. ते तिरक्या तोंडानं हसले. "घातलं अस्तं... उचललं तं."

घाटंजीचा एप्रिल तापला होता. उन्हावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. पण दहा मिनिटं झाली, वीस झाली, घमेल्यातलं पाणी लालच होत गेलं. शेवटी लालीबाईनंच ऑटो थांबवला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी नाकात बोळा भरला, ब्लडप्रेशर पाहिलं. ते बरं होतं. "गोळ्या कोणत्या चालू आहेत, काकू?"

शीलानं बिस्किटाचा डबा उघडला. डब्यात गोळ्या नीट लावलेल्या, सकाळच्या एका बाजूला, रात्रीच्या एका बाजूला. बाईंनी त्यातून एक पिवळं पाकीट उचललं, एक पांढरं.

"या दोन्ही देता?"

"रोज. चहाच्या वक्ती. दोन महिन्यांत एक खाडा नाही." हे सांगताना तिचा आवाज जरा ताठ झाला.

"काकू, ही एकच गोळी आहे. कंपन्या दोन, म्हणून नावं दोन. रक्त पातळ करायची. दुप्पट गेली."

"पिवळी यवतमाळच्या डाक्टरनं देल्ली, पांढरी इथची," शीला हळू म्हणाली. "एक नाही देल्ली तं म्हणतीन, बायकोचं ध्यान नाही."

"तुमची चूक नाही. बरेच जण असं करतात." बाई पुढच्या पेशंटकडे वळल्या.

ऐकून बरं वाटायला हवं होतं. शीलाला आठवलं ते वेगळंच. कडू लागते म्हणून पंजाबराव कधी तोंड मिटून घ्यायचे, तेव्हा तिनं गूळ लावून गोळी दिली होती. दोन्ही गोळ्या. दोन्हींना गूळ.

पांढरं पाकीट बाईंनी काढून ठेवलं. पिवळी तीन दिवसांनी सुरू करायला सांगितली.

चौथ्या दिवशी सकाळी चहा झाला. शीलानं पिवळी गोळी तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, पाकिटावरची इंग्रजी अक्षरं बोटानं लावत गेली. लागेनात. गोळी परत पाकिटाजवळ ठेवली. पुन्हा उचलली.

"अवो, डाक्टरीणबाईले आणखी एकडाव विचारून येऊ काय? मले काही उमजत नाही."

पंजाबरावांनी तिच्या हाताकडे पाहिलं नाही. रोजच्यासारखं नुसतं तोंड उघडलं, आणि उघडंच ठेवलं.