सोमारीची चिखलणी

सोमारीने थाप मारली ती दुर्गाकाकीमुळे. एरवी ती थापाडी पोरगी नव्हती. म्हणजे गरजेपुरती होती, पण एवढी मोठी थाप तिच्या तोंडून आजवर निघाली नव्हती.

झालं असं. नववीची शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच सुट्टीला ती कुरखेड्याच्या वसतिगृहातून जंगलातल्या आपल्या गावी आली. संध्याकाळी अंगणात बाया मोहाच्या बिया फोडत बसल्या होत्या आणि दुर्गाकाकीचं नेहमीचं पारायण चालू होतं.

"माहा सुनिल घुग्घुसले ट्रक चालवते. कोळशाचा. चाकाजवळ माणूस उभा राह्यला तं दिसत नाई, येवढा मोठा!"

सुनिलचा ट्रक दर खेपेला थोडा वाढायचा. त्याबद्दल सोमारीची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आपल्या आईच्या मानेबद्दल. ट्रकचा विषय निघाला की तिची आई, मंगली, मान खाली घालायची आणि भराभर बिया फोडू लागायची. आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, असं ती मान सांगायची. सोमारीला ते बघवेना.

"मी बी मशीन चालवतो, काकी," ती बोलून गेली. "शाळेत पावर टिलर हाये. औंदाची चिखलणी मीच करनार हावो, सगळ्यायच्या म्होरं. मायबापायलेबी बलावलं हाये."

मंगलीची मान वर आली. कशी आली! सोमारीला क्षणभर वाटलं, आपण खरंच बोललो.

"असं?" दुर्गाकाकी म्हणाली. "मंग आमीबी येतो पाहाले."

आता खरं काय ते सांगायला हवं. शाळेत शेती आणि यंत्रं असा नवा विषय आला होता, हे खरं. पोरं त्याला चिखलाचा तास म्हणत. शाळेने जुना पावर टिलर, म्हणजे मागून चालत हाकायचा छोटा ट्रॅक्टर, विकत घेतला होता आणि धान रोवण्याआधी शाळेच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी भरून पोरं तो फिरवून चिखल करणार होती, हेही खरं. पालकांना बोलावणं गेलं होतं. पण चिखलणी कोण करणार, हे ठरलं नव्हतं. शिकवणाऱ्या फरहत मॅडमचा नियम एकच होता, "जो आपल्या हाताने इंजिन चालू करेल, तोच चालवेल." आणि सोमारीच्या हाताने ते इंजिन आजवर एकदाही चालू झालं नव्हतं.

प्रयत्नात कसूर नव्हती. इंजिनाच्या डोक्यावर एक खटका होता. तो डाव्या हाताने धरून ठेवायचा, उजव्या हाताने हँडल गरगर फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. झालं, इंजिन धडधडलं. वर्गातल्या कैफचं असंच व्हायचं. त्याच्या अब्बांचं बसस्टँडजवळ गॅरेज होतं आणि तो फुटाणे चघळत चघळत इंजिन चालू करायचा. सोमारीचं मात्र एका हातात हँडल रडतखडत फिरायचं, खटका सोडला की फुस्स. वर मॅडमच्या सूचना असायच्याच. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, इंजिन उलटी लाथ मारतं. आणि ती लाल बोंडी बघत जा. बोंडी वर, म्हणजे आत तेल फिरतंय. बोंडी खाली बसली, तर इंजिन तत्काळ बंद. "मग मागे वाघ का उभा असेना," मॅडम म्हणायच्या, "आधी इंजिन बंद, नंतर वाघ."

सोमारीने एके दिवशी कैफला बाजूला घेतलं. "कैफ, चिखलणीच्या दिवशी तू आजारी पडशील का?"

"काऊन?"

तिने सगळं सांगितलं. कैफ इतका हसला की फुटाणे नाकात गेले. खोकून झाल्यावर म्हणाला, "मी आजारी पडलो तं चंचल चालवन. तुले काय भेटन? त्याच्यापेक्षा मॅडमले सांगतो, पयला नंबर सोमारीले द्या. पन चालू तं तुलेच करा लागन."

तो दिवस उजाडला. बांधी पाण्याने काठोकाठ भरली होती. तिच्या कडेच्या बांधावर, धुऱ्यावर, पालक दाटीवाटीने उभे होते आणि त्यांच्या मधोमध ठेवणीतल्या लुगड्यांत सोमारीचं गाव. दुर्गाकाकीने तर सुनिललाच घुग्घुसहून व्हिडिओ कॉलवर आणून बसवला होता. तिच्या शेजारी मंगली उभी होती. ती लेकीकडे बघत होती.

समोरच्या धुऱ्यावर मुख्याध्यापक गोपाल सर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत भाषण करत होते. आधुनिक शेतीवरून ते हळूहळू देशाच्या भवितव्याकडे निघाले होते.

"चल सोमारी, सर पोहोचायच्या आत," फरहत मॅडम हळूच म्हणाल्या.

पहिला झटका. फुस्स. दुसरा झटका. फुस्स. धुऱ्यावर कुणीतरी खुदकन हसलं. सोमारीने दात आवळले, डोळे मिटले आणि होतं नव्हतं ते बळ लावलं. घाईत खटका जरा आधीच सुटला. इंजिनाने जी लाथ मारली! हँडल हातातून निसटलं, हवेत गिरकी घेऊन लांब बांधीत डुबकन बुडालं. अंगठा जागेवर होता, कारण ती एक सूचना तिने पाळली होती.

आणि इंजिन चालू झालं! धडधडधडधड!

"चालू झालं! चालू झालं!" पोरांनी एकच कालवा केला. मॅडम "अरे माझं हँडल!" करत बांधीत उतरल्या आणि कोपरापर्यंत हात घालून चिखल चाचपू लागल्या. सोमारीला तर आता इंजिनाचा मुकाच घ्यावासा वाटत होता. तिने दांड्या पकडल्या, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

टिलर मागे आला.

पुढे नाही, मागे, थेट तिच्या अंगावर. ती दोन पावलं मागे गेली, तिसऱ्याला बुडावर बसली आणि बसता बसता तिने क्लच ओढला. नशीब, मातीत फिरणारी पाती मॅडमनी काढून ठेवली होती आणि टिलरला फक्त चिखलाची लोखंडी चाकं होती. धुऱ्यावर हशा पिकला.

"रिव्हर्स टाकला रे तिनं!" कैफ ओरडला.

सोमारीने गिअरकडे पाहिलं. पहिलाच होता. तिने पुन्हा टाकून पाहिला, टिलर पुन्हा मागे. आता दुसरं कुणी असतं तर मॅडमना हाक मारली असती. पण हाक मारायची म्हणजे कबूल करायचं, आणि कबूल करायला धुऱ्यावर अख्खं गाव उभं होतं. सोमारीच्या डोक्यात उजेड पडला. पुढचा गिअर मागे नेतो, तर मागचा पुढे नेईल की! तिने रिव्हर्स टाकला.

टिलर पुढे निघाला. डुलत डुलत, चिखल कालवत, शिस्तीत पुढे निघाला! सोमारी मागून हसत चालली. बांधीच्या या टोकाहून त्या टोकाला. बाया ओरडायला लागल्या, कुणीतरी शिट्टी मारली, फोनमधून सुनिलनेही काहीतरी आरोळी ठोकली. आईच्या समोरून जाताना सोमारीने एक हात सोडून हलवूनही दाखवला. एवढा आनंद तिला यापूर्वी कधी झाला नव्हता, आणि झाला असेल तरी तो चिखलात झाला नव्हता.

वळणावर तिला खोकला आला. धूर तोंडावर येत होता. धुराचं नळकांडं तर पलीकडे होतं, मग हा धूर कुठला? तिने वाकून पाहिलं. ज्या डब्यातून इंजिन हवा आत घेतं, त्याच डब्यातून धूर बाहेर येत होता. आणि लाल बोंडी खाली बसलेली होती.

इंजिनच उलटं फिरत होतं. त्या लाथेने ते उलटं चालू झालं होतं, म्हणून गिअर उलटे, धूर उलटा आणि तेल बंद.

अजून थोडं चालवलं असतं तर कुणाला कळणार होतं? मॅडम हँडल शोधत होत्या. गाव टाळ्या वाजवत होतं. बंद केलं की मात्र पुन्हा चालू करावं लागणार, आणि ते आपल्याने होणार नाही, हे सोमारीला पक्कं ठाऊक होतं. तिला रडूच आलं. पण बोंडी खाली होती. तिने इंजिन बंद केलं.

टाळ्या थांबल्या. "बिघडलं का व?" दुर्गाकाकीचा आवाज आला. सोमारीने आईकडे बघायचं टाळलं.

मॅडम चिखलाने माखलेलं हँडल तलवारीसारखं उंचावत आल्या. "का बंद केलंस?"

"उलटं फिरून राह्यलं मॅडम. धूर हवेच्या डब्यातून येते. बोंडी खाली हाये."

मॅडमनी डब्याला हात लावून पाहिला. तो गरम होता. त्यांनी तेल तपासलं, मग सोमारीकडे पाहिलं आणि त्या हसायलाच लागल्या. "अगं, उलटं इंजिन मी फक्त ऐकलं होतं! तू तर त्याच्यावर फेरी मारून आलीस! आणि वेळेवर बंद केलंस, इंजिन वाचलं. धर हँडल, कर पुन्हा चालू."

"होत नाई मॅडम," सोमारी पुटपुटली. "मले दोन हात लागते त्याले. मंग खटका कोन धरन?"

"मी धरतो ना!" कैफ खिशातले फुटाणे सांडत बांधीत उतरला. "मॅडम, हँडल तं तिचंच राहीन. चालते का नाई?"

"न चालायला काय झालं? खटका एकट्यानेच धरायचा, असं मी कधी म्हटलं?"

सोमारीने दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि फिरवलं. फिरवलं, फिरवलं. "सोड!" कैफने खटका सोडला. धडधडधडधड! धूर नळकांड्यातून, बोंडी वर. सगळं कसं सुलटं.

एक सोडून सगळं. सोमारीच्या हाताला आता रिव्हर्सची सवय लागली होती. तिने खुशीत रिव्हर्स टाकला आणि टिलर खरोखरच मागे ओढला गेला. चाकं उलटी फिरली आणि त्यांनी पुढच्या बाजूला चिखलाचा असा फवारा उडवला, की समोरच्या धुऱ्यावर देशाच्या भवितव्यापर्यंत पोहोचलेले गोपाल सर डोक्यापासून चपलांपर्यंत काळे झाले.

सोमारीने क्लच ओढला. आता आपलं नाव शाळेतून जाणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात तिच्या गावच्या बाया फिस्सकन हसल्या. त्यांच्या गावची रीतच होती, रोवणी सरली की बाया मालकाला चिखल फासायच्या आणि मालकाने सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं. त्याला बोजारा म्हणत.

"मालकाले चिखल लागला!" मंगलीच ओरडली. हो, तीच, मान खाली घालणारी मंगली! "आता बोजारा द्या सर! सोडत नाई आमी!"

"अजून रोवणीच झाली नाही ना बाई!" गोपाल सर डोळ्यांवरचा चिखल पुसत म्हणाले. पण बाया ऐकतात थोड्याच. शेवटी सरांनाही हसू फुटलं. "देतो, देतो. आधी बांधी तर पुरी करू द्या तिला!"

सोमारीने पहिला गिअर टाकला. दोनदा बघून टाकला. टिलर पुढे निघाला आणि तिने बांधी पुरी केली, कोपरा न कोपरा. धुऱ्यावर फोनमधून सुनिल केव्हाचा विचारत होता, "माय, कोन व ते? कधी म्होरं जाते, कधी मांगं?"

मंगलीने दुर्गाकाकीच्या हातातून फोन घेतला आणि तोंडासमोर धरला.

"माही सोमारी होय ते," ती म्हणाली. "तू ट्रक चालवत असशीन बापा, पन येकाच बाजूनं. माही पोरगी दोनी बाजूनं चालवते."

आणि मान तशीच वर ठेवून तिने फोन दुर्गाकाकीला परत दिला.